रंगाआधी पाणी

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला घराबरोबर एक अख्खा मजला पदरात पडल्यासारखे वाटते. वर राहण्याचे दोन मजले आणि खाली तेवढ्याच लांबी-रुंदीचे बेसमेंट. काँक्रीटच्या उघड्या भिंती, एका कोपऱ्यात फर्नेस आणि पाणी तापवायची टाकी, डोक्यावर उघडे पाइप, छताला टेकलेल्या दोन-तीन बुटक्या खिडक्या. पहिली काही वर्षे तिथे रिकामी खोकी आणि प्रवासाच्या बॅगा पडून राहतात. मग बेत सुरू होतात. गणपतीला पन्नास-साठ माणसे आरामात बसतील, मंडळाच्या नाटकाची तालीम होईल, मुलांना खेळायला जागा मिळेल, भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले की त्यांना स्वतंत्र खोली देता येईल. कंत्राटदार येतो आणि भिंतींना लाकडी चौकट ठोकून तिच्यात फायबरग्लासची गादी भरतो. वर जिप्समचे बोर्ड, खाली कार्पेट, छतात गोल दिवे. दोन-तीन महिन्यांत जागा ओळखू येत नाही. या सगळ्या चर्चेत रंग कोणता, कार्पेट कोणते, सोफा कुठे, यावर दिवसचे दिवस जातात आणि भिंतीमागच्या पाण्याचा विषय कोणी काढला तर तो पाच मिनिटांत मिटतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. कोणतीही खोली सजवायची म्हणजे तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर झाकण घालायचे. झाकणाखाली काय कोंडले जाणार आहे हे आधी कळल्याशिवाय त्या खोलीचा रंग ठरवण्यात अर्थ नाही.

मुळात ही खोली घराखाली आली कशी, हे पाहिले तर पाण्याचा प्रश्न तिच्या जन्माशीच जोडलेला दिसतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. पायाखालची ओली माती हिवाळ्यात गोठली तर ती घर वर उचलते आणि वसंतात वितळताना पुन्हा खाली सोडते. अशा उचल-आपटीत भिंती तडकतात. म्हणून थंड प्रदेशात पाया माती गोठण्याच्या खोलीच्या खाली न्यावा लागतो. शिकागोत ही खोली 42 इंच धरतात, मिनेसोटाच्या उत्तर भागात 60 इंच. चार-पाच फूट खणायचेच आहे तर आणखी तीन-चार फूट खणून तिथे एक मजला का करू नये, हा हिशेब पुढे ओघानेच येतो. फ्लोरिडात किंवा टेक्सासमध्ये बेसमेंट क्वचित दिसते, कारण तिथे पाया एवढा खाली न्यावाच लागत नाही. बेसमेंट ही अशी पायाच्या गरजेतून निघालेली जागा आहे. तिच्या भिंती मातीला टेकलेल्या असतात, आणि ती माती वर्षातून कित्येक महिने पावसाने किंवा वितळत्या बर्फाने भिजलेली असते.

जमिनीखालची जागा म्हणजे ओलीच असणार, असे मात्र नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे प्रसिद्ध आहेत. तिथल्या मातीत पोत्यांशिवाय ओतलेली हळद वर्षानुवर्षे टिकत असे, तिला ना कीड लागे ना बुरशी. त्या जागेची माती आणि तिचा निचरा हे त्यामागचे बळ होते. 2005च्या महापुरात पाणी आत शिरले आणि त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली. माती तीच आणि खड्डाही तोच होता, फरक पडला तो पाण्याच्या वाटेने. बेसमेंटकडे बघतानाही खोलीपेक्षा या वाटेचाच विचार आधी करावा लागतो: पाणी कुठून येते आणि कुठून निघून जाते.

यातला ‘निघून जाते’ हा भाग सहज नजरेतून सुटतो. काँक्रीट दगडासारखे दिसत असले तरी त्यात केसापेक्षा बारीक असंख्य नळ्या असतात आणि दिव्याची वात तेल ओढते तसे ते जमिनीतले पाणी ओढत राहते. उघड्या बेसमेंटच्या भिंतीतून रोज थोडी ओल आत येते आणि खोलीच्या हवेत उडून जाते. येणे आणि जाणे यांचा मेळ बसलेला असतो, म्हणून भिंत हाताला कोरडी लागते. भिंतीच्या तळाशी पांढरी पिठासारखी भुकटी दिसते तो लोणा. पाणी उडून गेले आणि त्याबरोबर आलेले क्षार मागे राहिले, याची ती जमाखर्चाची नोंदच समजावी. आता याच भिंतीसमोर गादी आणि बोर्ड उभे केले की येणारी ओल पूर्वीइतकीच राहते आणि जाण्याची वाट बंद होते. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो, चौकट लाकडाची असते, आणि बुरशीला जगायला एवढेच अन्न पुरते. तिला उजेड लागत नाही. खोलीतून बघणाऱ्याला रंगवलेली गुळगुळीत भिंत दिसत असते, मागे मात्र कागदावर काळे ठिपके पसरत असतात. पहिली खूण नाकाला कळते. बंद ट्रंक उघडल्यावर येतो तसला वास येऊ लागतो आणि घरचे लोक सुवासिक मेणबत्त्या आणून ठेवतात.

म्हणूनच ‘आमचे बेसमेंट दहा वर्षे कोरडेठाक आहे, आम्हाला ही भीती नाही’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. दहा वर्षे ते उघडे होते म्हणून कोरडे होते. उघड्यावर वाळत घातलेला टॉवेल कोरडा राहतो, एवढ्यावरून तो घडी करून डब्यात ठेवला तरी कोरडाच राहील असे कोणी म्हणत नाही. झाकल्यानंतर ती भिंत कशी वागेल, हे तिच्या उघडेपणीच्या इतिहासावरून कळणे शक्य नाही.

दुसरी गोम हवेची आहे, आणि ती आपल्या घरगुती शहाणपणाच्या नेमकी उलट जाते. कुबट वास आला की खिडक्या उघडा, हवा खेळू द्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. न्यू जर्सीत जुलैच्या दुपारी बाहेर 30 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा 21 अंशांच्या आसपास थंड होताच तिच्यातले पाणी थेंबांच्या रूपाने बाहेर पडू लागते. बेसमेंटच्या खालच्या भागातली भिंत आणि जमीन त्या वेळी याहून गार असू शकते. म्हणजे खिडकी उघडून हवा खेळवली की आपण पाणीच आत घेतो. ताकाच्या गार ग्लासाला बाहेरून सुटतो तोच घाम इथे भिंतीला सुटतो. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली, शक्यतो 30 ते 50 टक्क्यांत ठेवायला सांगते. त्यासाठी उन्हाळ्यात बेसमेंटच्या खिडक्या बंद आणि हवेतली ओल ओढणारे यंत्र चालू, हाच मार्ग राहतो. हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असते, तेव्हा मात्र आजीचा सल्ला तंतोतंत खरा ठरतो. सल्ला चुकीचा नव्हता, तो कोरड्या हवेसाठी होता.

हे सगळे परदेशातले, असे समजून महाराष्ट्रातल्या वाचकाने पान उलटू नये. दिवाळीच्या तोंडावर घर रंगवायची आपली रीत घ्या. चार महिने पावसाचा मारा खाल्लेली बाहेरची भिंत ऑक्टोबरात वरवर कोरडी दिसते, पण गिलाव्याच्या आत आणि विटेत पाणी असते. रंगारी जुने पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, वर ऑइल बाँड किंवा प्लास्टिक रंगाचे दोन हात देतो. पूर्वी चुना लावत. चुन्याच्या थरातून वाफ बाहेर पडते, त्यामुळे भिंत हळूहळू सुकत राही. हात लावला की चुना हाताला येई, पण ओल मागे अडून त्याचे पोपडे सुटत नसत. नव्या रंगाचा पापुद्रा वाफेला सहज वाट देत नाही. ओल त्याच्या मागे अडते, क्षारांचे खडे तिथेच वाढतात आणि रंगाला आतून ढकलतात. होळीपर्यंत फुगे आणि पुढच्या गणपतीपर्यंत पोपडे. दोष रंगाच्या कंपनीला किंवा रंगाऱ्याला दिला जातो. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीचेही हेच. पलीकडे टाइलचे सांधे किंवा ट्रॅपचा जोड गळत असतो आणि अलीकडे बैठकीच्या खोलीत त्या डागावर वॉलपेपर चिकटवला जातो. बेसमेंट हे या दुखण्याचे सर्वांत उघड रूप आहे, कारण तिथे भिंतीच्या पलीकडे पाऊस संपत नाही. माती तो धरून ठेवते.

मग करायचे काय? आधी निदान. ते करायला फार पैसे लागत नाहीत. जाड पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दीड फूट लांब-रुंद तुकडा घ्यावा, उघड्या काँक्रीटवर सपाट धरावा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. एक भिंतीवर, एक जमिनीवर, आणि संशय असेल त्या कोपऱ्यात आणखी एक. एक-दोन दिवस त्याला हात लावू नये. नंतर आधी नुसते बघावे, मग सोलावे. खोलीच्या बाजूने, म्हणजे प्लास्टिकच्या वरच्या अंगाला दव साचले असेल तर पाणी हवेतून येते आहे. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला थेंब असतील, किंवा त्याखालचे काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झाले असेल, तर ते मातीतून येते आहे. दोन्हीकडे असेल तर दोन्हीकडून. एवढ्याशा तुकड्याने कळते ते महत्त्वाचे आहे, कारण दोन रोगांवर औषध वेगळे आहे. हवेतल्या ओलीवर यंत्र चालते, मातीतल्या ओलीवर नुसते यंत्र लावणे म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणे. आणि ही चाचणी एकदाच करून भागत नाही. वसंतात बर्फ वितळताना एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा, अशी ती करावी. दोन्ही ऋतू पाहिल्याशिवाय चौकटीचा पहिला खिळा मारू नये, असे मला ठामपणे वाटते.

मातीतून पाणी येत असेल तर उपाय बहुधा घराबाहेर सापडतो, आणि तिथे कोणी बघत नाही. 1000 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे 2360 लिटर पाणी होते. पन्हळीत पाने साचून ती तुंबली असेल किंवा तिचा उभा पाइप भिंतीच्या बुडाशीच सोडला असेल, तर हे सगळे पाणी आपण स्वतःच्या हाताने पायात ओततो. पाइपाला लांब तोंड जोडून पाणी दूर सोडणे आणि घराभोवतालच्या मातीला बाहेरच्या बाजूने उतार देणे, ही कामे आधी. पहिल्या 10 फुटांत 6 इंच उतार असावा असा तिथल्या बांधकाम नियमांचा दंडक आहे. पुष्कळ घरांत नवी माती वर्षा-दोन वर्षांत बसते आणि उतार घराकडे फिरतो. कोकणात जोत्याभोवती पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा चर काढत, त्यातले शास्त्र हेच. एवढ्याने भागले नाही तर पायालगत खडी आणि भोकाचे पाइप घालून पाणी खड्ड्यात गोळा करावे लागते आणि पंपाने बाहेर फेकावे लागते. त्या पंपाला बॅटरीची जोड हवी, कारण ज्या वादळात पंपाची सर्वाधिक गरज पडते त्याच वादळात वीज जाते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: एवढा खटाटोप कशाला, बाजारात वॉटरप्रूफ रंग मिळतो, तो आतून मारला की झाले. भिंतीतून येणारी किरकोळ ओल किंवा दमटपणा असेल तर असा थर थोडी मदत करतो, हे मान्य. पण बाहेर साचलेले पाणी भिंतीवर रेटा देते. एक मीटर उंचीपर्यंत पाणी चढले तर भिंतीच्या बुडाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टनाचा दाब पडतो. बाहेरून लावलेला थर या दाबाने भिंतीवर घट्ट बसतो, आतून लावलेला थर त्याच दाबाने भिंतीपासून सुटतो. गच्चीची गळती खालच्या छताला आतून रंग मारून थांबत नाही, वर जाऊन ब्रिकबॅट कोबा करावा लागतो, हे मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही सोसायटीला अनुभवाने ठाऊक असते.

पैशांचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे योग्य होणार नाही. उतार, पन्हळ, पंप यांवर गेलेला पैसा पाहुण्यांना दिसत नाही. घर विकताना जाहिरातीत ‘फिनिश्ड बेसमेंट’ लिहिता येते, कोरडी भिंत फोटोत येत नाही. ज्याचे बजेट बेताचे आहे त्याला दोन्ही एकदम जमणार नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. पैसे कमी असतील तर कमी भाग झाकावा. जमीन उघडी ठेवून तिला साधा रंग द्यावा, भिंतींना पांढरा हात मारावा, सतरंज्या आणि गाद्या अंथराव्यात, चांगले दिवे लावावेत. अशा खोलीत गणपतीची आरती आणि तालीम दोन्ही छान होतात, आणि पाणी आले तर सतरंजी उचलून अंगणात वाळत घालता येते. याउलट अर्धवट पैशांत केलेले पूर्ण झाकण भिजले की बोर्ड फोडणे, गादी फेकणे, चौकट बदलणे आणि सगळे पुन्हा उभे करणे, असा दुहेरी खर्च बसतो. भिजलेल्या वस्तू 24 ते 48 तासांत वाळल्या तर बुरशी सहसा धरत नाही. भिंतीआडची गादी तेवढ्या वेळात वाळणे जवळजवळ अशक्य असते.

झाकायचेच ठरले तर झाकण निवडताना सौंदर्यदृष्टीला मुरड घालावी लागते असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. काँक्रीटला थेट चिकटवलेला फोमचा जाड तक्ता भिंतीचा थंडपणा अडवतो, त्यामुळे खोलीच्या हवेला तिच्यावर घाम सुटायला गार पृष्ठभागच मिळत नाही. काँक्रीट आणि फायबरग्लास यांच्यामधली जी पोकळी बुरशीचे माहेरघर होते, तीच इथे नाहीशी होते. त्याच्यापुढे चौकट आणि बोर्ड, आणि बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर. जमिनीला कार्पेटऐवजी टाइल किंवा व्हायनलच्या पट्ट्या आणि त्यावर उचलता येणारा गालिचा. छत पीओपीसारखे सलग न करता सुट्या चौकोनी तक्त्यांचे केले, तर वरच्या न्हाणीघराचा पाइप गळला की एक तक्ता काढून बघता येते. उंची कमी असते म्हणून छत आणि भिंत एकाच फिकट रंगात घ्यावी, त्यांच्यामधली रेघ पुसली की खोली उंच भासते. उजेड वरून एकाच जागी ओतण्यापेक्षा भिंतींवरून परतवावा, कारण अशा खोलीत कोपरे अंधारात राहिले की ती लगेच तळघर वाटू लागते. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवावीत. यातली एकही गोष्ट दिसायला कमी प्रतीची नाही.

जमिनीतून पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट वर येते. खडकांतल्या युरेनियमच्या क्षयातून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि जमिनीच्या फटींतून तो घरात शिरतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचा क्रमांक लागतो आणि पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाने दरवर्षी सुमारे 21,000 मृत्यू त्यामुळे होतात. 1984 साली पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे किरणोत्साराचे इशारे वाजू लागले. शोध घेतल्यावर दिसले की तो किरणोत्सार केंद्रातून अंगावर घेऊन बाहेर जात नव्हता, तर घरून अंगावर घेऊन कामाला येत होता. तो ज्या खडकपट्ट्यावर राहत होता तो पुढे न्यू जर्सीच्या उत्तर भागातून न्यूयॉर्ककडे जातो. चाचणीचा संच स्वस्त मिळतो. हवेच्या दर लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा अधिक मापन आले तर जमिनीखाली पाइप घालून पंख्याने तो वायू छपरावर सोडतात. हे काम नव्या टाइल लावण्याआधी सोपे असते आणि नंतर त्या फोडाव्या लागतात.

राहता राहिली आईवडिलांची खोली, आणि तिचा विचार मी सर्वांत आधी करावा असे म्हणेन. नोकरदार मुलगा-सून दिवसभर बाहेर असतात. भारतातून आलेली आई त्या खोलीत रात्री झोपते, दुपारी पडते, सकाळी पोथी वाचते. बेसमेंटच्या हवेत सर्वांत जास्त तास तीच काढते. गुडघे दुखत असतील तर तिला जिना पटकन चढता येत नाही. 1 सप्टेंबर 2021 रोजी आयडा वादळाच्या उरलेल्या ढगांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कवर एका तासात 3.15 इंच पाऊस पाडला. त्या रात्री शहरातल्या तळघरांतल्या घरांमध्ये 11 माणसे बुडून गेली. कित्येक ठिकाणी पाणी जिन्यावरूनच आत आले, आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. संकटात अशी दुसरी वाट मिळावी म्हणून झोपायच्या खोलीला माणूस बाहेर निघू शकेल अशी खिडकी नियमानेच लागते: उघडल्यावर निदान 20 इंच रुंद, 24 इंच उंच आणि एकूण 5.7 चौरस फुटांची मोकळी जागा, आणि तिच्या चौकटीची खालची कड जमिनीपासून 44 इंचांहून वर नको. हे आकडे धडधाकट माणसासाठी आहेत. सत्तरीच्या बाईला 44 इंच म्हणजे छातीपर्यंतची उंची होते. तेव्हा खिडकी शक्य तितकी खाली घ्यावी, तिच्याखाली न हलणारी रुंद पायरी बसवावी, बाहेरच्या खड्ड्यात पक्की शिडी आणि पाण्याच्या निचऱ्याची वाट ठेवावी. पलंग कुठे आणि पडदा कोणता, हे ती खिडकी एकदा आईकडून उघडून, तिला बाहेर पाऊल टाकायला लावून पाहिल्यावर ठरवावे.